वीतभर दुसऱ्या हाताचं

वायरिंगवाली ते काही मुद्दाम म्हणाली नव्हती. गाडीतून ओढून काढलेला जुना हार्नेस, म्हणजे सगळ्या तारांची टेप गुंडाळलेली जुडी, तिनं दोन स्टुलांवर टाकलेल्या लांब फळीवर आडवा पसरला होता. नव्या हार्नेसशी त्याची लांबी जुळवत ती वाकून बोट फिरवत होती, आणि फिरवता फिरवता तिचं बोट एका जागी थांबलं. "गंमत बघा काकू," ती म्हणाली, "ही सगळी टेप डावखुऱ्या माणसानं गुंडाळलीय. उलट्या पिळाची आहे. फक्त इथं, एवढं वीतभर, दुसऱ्या हाताचं आहे." आणि पुन्हा टोकाच्या क्लिपा मोजायला लागली. चहाचे दोन कप घेऊन शेडच्या दारात आलेली काकू मात्र जागच्या जागी थबकली. एका कपातला चहा बशीत सांडला. वायरिंगवालीला तो ओघळ दिसला असेल आणि म्हातारपणामुळे हात कापतात असं वाटलं असेल. ते बरंच झालं. म्हातारपण हे एक मोठं सोयीचं पांघरूण असतं, त्याखाली काहीही खपतं.

डावखुरी काकू स्वतःच होती. त्या हार्नेसची टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनंच गुंडाळली होती, एकेचाळीस वर्षांपूर्वी, याच शेडमध्ये, याच फळीवर. दुसरा हात लागायचं काही कारणच नव्हतं. आणि लागला तो नेमका तिथं, मधल्या पत्र्यातून तारा इंजिनाकडे जातात त्याच्या अलीकडे, जिथली वीतभर जागा तिला झोपेतसुद्धा बोट ठेवून दाखवता आली असती. "कुठं?" तिनं विचारलं, जणू चष्मा नाही म्हणून. वायरिंगवालीनं पुन्हा बोट ठेवलं. तिथंच.

गाडी शेडच्या मधोमध चार ठोकळ्यांवर उभी होती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, हिरवी. घरात तिला सगळे टोळ म्हणत. ज्या डॉक्टरांची ती होती ते परदेशी गेले आणि जाताना धाकट्या दिराला देऊन गेले, कारण तो त्यांच्या मुलाला पळायला शिकवायचा. काकूचा नवरा गाड्यांचं वायरिंग करायचा. त्या काळी अशा गाडीचा तयार हार्नेस कुठला मिळायला. फळीवर खिळे ठोकून, गाडीच्या अंगातल्या वळणांप्रमाणे तारा एकेक करून अंथरायच्या, प्रत्येक दिव्याचा, भोंग्याचा, घड्याळाचा रंग वेगळा, आणि मग सगळ्यांना मिळून कापडी टेप गुंडाळायची, की झाली जाड वेणी तयार. नवरा वेणीच म्हणायचा. "वेणी घालायला घे," असं त्यानं शेडमधून ओरडून सांगितलं, की शेजारच्या बायकांना वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे. तिची बोटं बारीक होती, टेप कुठं सैल पडत नसे, आणि तो गिऱ्हाइकांना सांगायचा की माझ्याकडे डाव्या हाताची कारागीर आहे, उजव्यांचं काम उजवे उसवतात, हिचं कुणाला उसवता येत नाही.

वायरिंगवालीनं चहा उभ्याउभ्याच संपवला. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. तीन दिवस येत होती आणि तीन दिवस स्वतःशी नाहीतर गाडीशी बोलत होती. तिची पद्धत काकूच्या नवऱ्यासारखीच होती. जुना हार्नेस ओढायच्या आधी त्याच्या शेपटाला सुती दोरी बांधायची, म्हणजे जुना बाहेर येतो तशी दोरी त्याच्या वाटेनं आत शिरते, आणि मग त्याच दोरीला नव्याचं टोक बांधून उलट ओढलं की नवा बिनबोभाट जुन्याच्या जागी जातो. काल ती दोरी सरकत आत गेली होती. आज दोरी गाडीच्या दोन्ही टोकांना लोंबत होती आणि जुना हार्नेस कात टाकल्यासारखा फळीवर पडला होता. वायरिंगवाली म्हणाली की पत्र्यातलं रबरी कडं चिरलंय, नवं घेऊन येते, जेवूनही येते, संध्याकाळी दिवे लावून दाखवते. आणि जुनं हे तुकडे करून भंगारात देऊन टाकते जाताजाता. "राहू दे ते आज," काकू म्हणाली. "बरं," वायरिंगवाली म्हणाली, "तुमचंच आहे. पण उघडत बसू नका, आत सगळा कोळसा झालेला असतो, हात काळे होतील." मोटारसायकलचा आवाज लांब गेला. चार वाजता दीर येणार होता. घड्याळात साडेबारा झाले होते.

साडेतीन तासांत काय होणार आणि काय नाही. ती घरात गेली, ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि झाकून ठेवलं. मुलीचा फोन आला. मुलीनं काळजीनं विचारलं की काका येतोय तर तू बरी आहेस ना, नाहीतर मी रजा टाकून येते. मुलीला काकाची भीती वाटते. लहानपणी काका तिला खांद्यावर घेऊन जिने धावत चढायचा हे तिला आठवत नाही, तिला फक्त काठी टेकत दारात उभा राहणारा आणि बाबांकडे न बघणारा माणूस आठवतो. ती म्हणाली, मी ठणठणीत आहे, तू तुझं काम कर. मग फोन ठेवून शेडमध्ये परत आली. मग परत घरात गेली, दार लावलं की नाही ते बघायला. दार लावलेलं होतं. परत आली. हार्नेस होता तिथंच होता. उजव्या हाताच्या त्या वीतभर टेपेकडे एकदा लक्ष गेलं की दुसरं काही दिसेना. पीळच उलटा. इतकी वर्षं ताडपत्रीखाली, बॉनेटखाली, पत्र्यामागे हा उलटा पीळ होता, आणि ती वरच्या खोलीत शांत झोपत होती. शांत कसली म्हणा.

त्या दिवशी नवरा गाडीखाली पालथा पडला होता आणि खालून मापं ओरडून सांगत होता. तो मापं हातानं घ्यायचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. सगळ्या कारागिरांना वेडेपणा वाटायचा, पण त्याचा हात कधी चुकला नाही. ती मापताना त्याच्या एका हाताला आपला एक हात आणि दोन बोटं धरायची, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच शिकलेलं गणित. त्या दिवशी तो म्हणाला, निळी पाच हात. हेडलाइटची निळी. आणि तिनं सरळ आपले पाच हात मोजले आणि तार कापली. का? आजतागायत कळलं नाही. ऊन होतं, मुलगी पायरीवर एकटी खेळत होती, दीर दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होता, झालं का वहिनी, मला अंधार पडायच्या आत निघायचंय. पाच हातांना दहा बोटं. तार वीतभर तोकडी पडली. निळा रंग संपला होता. मग तिनं कापलेल्यातलाच एक तुकडा घेऊन त्याला जोडला, तांबं तांब्याला पिळलं, घट्ट पिळलं, आणि जागेवर राहावं म्हणून वरून टेप घेतली. सोल्डरिंगची इस्त्री तापत ठेवली होती. दोन मिनिटांत तापली की टेप सोडवून, कथील लावून, पुन्हा गुंडाळायचं. एवढ्यात मुलगी पायरीवरून पडली. हनुवटी फुटली. रक्त थांबायला अर्धा तास गेला. परत आली तेव्हा फळी रिकामी होती. नवऱ्यानं वेणी उचलून गाडीत बसवलीसुद्धा होती, आणि हात पुसत तो भावाला म्हणत होता, "आजवरची सगळ्यांत सुबक वेणी आहे ही, हात फिरवून बघ." दिरानं खरंच हात फिरवला. तिनं तोंड उघडलं होतं. मग मिटलं. घट्ट पिळलंय, तिनं मनाशी म्हटलं. उद्या परत आला की सांगू.

उद्या दीर परत आला नाही. पुलाच्या अलीकडच्या वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. गाडी कठड्यावर आदळली. उजवा गुडघा कामातून गेला तो गेला. जो माणूस रोज उठून सहा मैल पळायचा तो आयुष्यभर पाय सरळ ठेवून, कडेच्या खुर्चीत बसू लागला. हॉस्पिटलच्या त्या खोलीत खिडकी उंचावर होती आणि खाटेच्या पायाशी नवरा उभा होता, दोन्ही हात लोखंडी कांबीवर. ती त्याच्या मागे उभी होती, आणि तिनं ठरवलं होतं की आता सांगायचं. त्याच्या आधी तो बोलला. "माझी चूक झाली. डॅशबोर्डच्या मागचा एक स्क्रू आवळायचा राहिला. सैल होता." दिरानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आईवडील गेले तेव्हाही बोलले नाहीत. नवरा गेला तेव्हा दीर आला, दारात काठी टेकून पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. आणि तिला, देवानं क्षमा केली तर करो, त्या खोलीत पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हलकं वाटलं होतं. स्क्रू होता तर. आपला जोड नव्हताच. मग घरी आल्यावर वाटलं, स्क्रू सैल असेल, पण जोडही कच्चाच होता. त्या दोनांत कोण आधी सुटलं? या एका प्रश्नावर तिनं एकेचाळीस वर्षं काढली होती. गाडी ओढून आणून शेडमध्ये ठेवली, वर ताडपत्री पडली. तिनं ताडपत्री कधी उचलली नाही. उत्तर तिथं होतं आणि तिला ते नको होतं. आता दिराचं पत्र आलं होतं, दादा गेल्यावर वर्षानं, चार ओळींचं. टोळ मला हवी आहे. चालती हवी आहे. त्या वळणावरून एकदा जायचं आहे, मग तिचं काय करायचं ते करा.

तिनं शिवणाची छोटी कात्री आणली. आणताना आरशात तोंड दिसलं आणि तिला ते चोरासारखं वाटलं. फळीजवळ खुर्ची ओढून बसली. उजव्या हाताची टेप उसवायला डावा हात अडखळतो. तिनं हात बदलला, मग कात्रीच लावली. टेप वाळून पापडी झाली होती, तुकड्या तुकड्यांनी निघाली. खालून एक बारीक नळी निघाली, तारेवर सरकवलेली. नळी चिरली. आत निळी तार होती. तिचाच जोड, तोच, वीतभर तुकड्याच्या सुरुवातीला. पण त्याच्यावर सोल्डर होतं. गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळतं, तांदळाच्या दाण्यासारखं. असं सोल्डर एकच माणूस करायचा. इतरांचं गोळा होतं, त्याचं दाणा व्हायचं.

पहिला विचार आला तो आनंदाचा. बसवायच्या आधी त्यानं बघितलं होतं, पक्कं केलं होतं, म्हणजे आपल्या हातून काही झालं नाही. हा विचार फार तर चार श्वास टिकला. कारण सोल्डर पांढरं, चकचकीत होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या तारेचं वेष्टण जळून तपकिरी झालं होतं. शेजारच्या लाल तारेचं वितळून ओघळलं होतं, ओघळ थंड होऊन तसाच राहिला होता. आणि त्या जळलेल्या जागेवरून नवी नळी, नवी टेप स्वच्छ गेली होती. कारागिराची बायको होती ती, तिला हे वाचायला कुणाची गरज नव्हती. कच्चा जोड तापतो, तांबं काळं पडतं, आणि एखाद्या धक्क्याला सुटतो. आधी जळलं. मग सोल्डर झालं. म्हणजे अपघातानंतर. म्हणजे कधीच रस्त्यावर न जाणाऱ्या गाडीत, ताडपत्रीखाली शिरून, त्यानं तो जोड शोधला होता, ओळखला होता, पक्का केला होता आणि झाकला होता. स्क्रू सैल नव्हताच. की होता? नव्हता. हॉस्पिटलला यायच्या आधी तो सकाळी पुलापाशी जाऊन गाडी बघून आला होता, हे तिला आता आठवलं. खाटेपाशी उभा राहिला तेव्हाच त्याला ठाऊक होतं.

मग एकेक गोष्ट आपणहून येऊन समोर बसायला लागली. त्या महिन्यात एका संध्याकाळी तो भाजलेलं बोट घेऊन जेवायला आला होता आणि स्टोव्हला लागलं म्हणाला होता. तिनं मलम लावलं, फुंकर घातली. पुढच्याच आठवड्यात त्यानं वायरिंगचं काम सोडलं, आता पुरे झाल्या वेण्या म्हणाला, आणि लिफ्टच्या कंपनीत लागला. तिला वाटलं, बिचारा अपराधी वाटून घेतोय. त्याच सुमारास त्यानं स्टीलची मापाची टेप आणून स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. पडदे शिवायला बरी, म्हणाला. पडदे शिवायला! चाळीस वर्षं ती त्या टेपेनं पडदे, गाद्या, मुलीचे झगे मापत आली. ती टेप टोमणा होती का? की खरंच पडद्यांसाठी होती? त्याचं हसणं तिनं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, त्यात काही सापडतंय का म्हणून. सापडेना. आणि शेवटच्या आठवड्यात, खाटेशी बसून ती म्हणाली होती, मला तुम्हांला एक सांगायचंय, जुनं आहे. त्यानं हात हलवला होता. "राहू दे. पाणी दे." तिला वाटलं तहान लागलीय. तिनं पाणी दिलं. तो दोन घोट प्यायला. उरलेलं पेल्यात तसंच राहिलं.

हे प्रेम होतं असं कुणीही म्हणेल. मुलगी तर रडेल आणि म्हणेल, बाबा किती थोर. पण तिला शेडमध्ये बसवेना. ती उठून गाडीभोवती फिरली, एकदा, दोनदा. बरोबर राहणाऱ्या माणसाला आपलं सगळं ठाऊक आहे, आणि आपण मात्र त्याच्यापासून लपवतोय म्हणून रात्र रात्र कुशी बदलतोय. तो शेजारी पडून ते ऐकतोय. एक शब्द बोलला असता तर दोघं सुटली असती. त्यानं तिला वाचवलं, की अपराधाचं वाढून ठेवलेलं ताट तिच्या समोरून हलूच दिलं नाही? तिला त्याचा राग आला. मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, त्याला उसंत नसते, समोर कुणी नसतं. आणि रागाच्या तळाशी लाज होती, ती आधीपासून होतीच, फक्त आता तिला सोबत मिळाली होती.

दीर साडेतीनलाच आला. सत्तर वर्षांचा, अजून ताठ, पाय सरळ. शेडच्या दारात काठी टेकून त्यानं टोळकडे बघितलं आणि म्हणाला की म्हातारी झाली, पण नाक तेवढंच आहे. गाडीचं का तिचं, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं त्याला खुर्ची दिली, स्वतः उलट्या खोक्यावर बसली. त्यानं प्रवासाची, गुडघ्याची, डॉक्टरांनी गाडी चालवू नका सांगितल्याची गोष्ट केली. डॉक्टर पोरगेला आहे, त्याला काय कळतं. ती हो हो म्हणत राहिली. ती अजून काहीच न बोलता हे सगळं टाळू शकत होती. वायरिंगवाली येईल, नवा हार्नेस जाईल, जुना भंगारात जाईल, दीर वळणावरून फिरून येईल, आणि दादाचा सैल स्क्रू होता तिथं राहील. दादाला आता काय फरक पडणार. तिनं हाताकडे बघितलं. बोटं काळी झाली होती. दिरानंही ती बघितली आणि विचारलं, हे काय करत बसलाय तुम्ही.

मग तिनं सांगितलं. पाच हात, दहा बोटं, संपलेला निळा रंग, मुलीची हनुवटी, न तापलेली इस्त्री. सांगताना तिचा आवाज बाजारात भाव सांगावा तसा सपाट निघत होता, त्याचं तिलाच नवल वाटलं. शेवटी तिनं हार्नेस उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो दाणा दाखवला. आधी जळलंय, मग सोल्डर आहे, हे समजावून सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, तोही त्याच घरातला. त्यानं दाण्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"दादाला ठाऊक होतं."

"हो."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मलाही नाही सांगितलं, भाऊजी."

तो हसला असं तिला वाटलं, पण ते हसू नव्हतं. "शेवटी दारात उभा होतो ना मी," तो म्हणाला, "तेव्हासुद्धा आत आलो नाही. म्हटलं, स्क्रू आवळायला विसरतो म्हणजे काय." अंगठा दाण्यावर ठेवून म्हणाला, "एकेचाळीस वर्षं मी चुकीच्या माणसाशी अबोला धरला, वहिनी."

माफी मागायचे शब्द तिनं इतकी वर्षं घासूनपुसून ठेवले होते, ते आता तोंडाशी आले आणि अगदीच हलके वाटले. तिनं ते गिळले. मग म्हणाली, "आता माझ्याशी धरा."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच. "आता कुठला," तो म्हणाला. "उरायला नको का तेवढा वेळ?"

बाहेर मोटारसायकल थांबली. वायरिंगवाली रबरी कडं बोटात घालून आली, दोघांना बघून मान डोलावली आणि सरळ गाडीखाली शिरली. दोरीला तिनं नव्या हार्नेसचं टोक बांधलं. दोरी कुणी ओढेल का असं तिनं आतून विचारलं, मग कुणी उठत नाही बघून स्वतःच ओढायला लागली. हार्नेस पत्र्यातून आत जाताना सरसर आवाज येत होता. दिराच्या मांडीवर जुना हार्नेस होता, तो त्यानं खाली ठेवला नाही आणि तिच्याकडेही दिला नाही. त्याची नजर गाडीवर होती. हा अबोला आहे, की दोन म्हातारी माणसं नुसती गप्प बसली आहेत, हे तिला कळेना. विचारावं तर बोलावं लागलं असतं. ती खोक्यावर सरकून बसली, पुन्हा सरकली, आणि तो आधी बोलतो का याची वाट बघू लागली.